अनोळखी मुलखात वॉलआयचे पाणी कसे शोधावे?

जूनमध्ये मुलीकडे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सहा दिवसांसाठी येत आहात, स्वतःची बोट नाही, गळ टाकणारे ओळखीचे कोणी नाही, तरी वॉलआय मासा मिळेल असे चांगले तळे कोणते, असे तुम्ही विचारले आहे. मी मिनीॲपोलिसजवळ राहतो आणि बरीच वर्षे या माशाच्या मागे आहे. तळ्याचे नाव सांगून तुमचे काम होणार नाही असे मला वाटते, कारण दहा एकरांहून मोठी अशी 11,842 तळी या राज्यात आहेत आणि मे महिन्यात भरभरून देणारे तळे जूनअखेर हात आखडते घेते. तळे निवडायचे कसे, ते सांगतो.

माझी पहिली चूक प्रसिद्ध नावाच्या मागे लागण्याची होती. मिल लॅक्स हे वॉलआयसाठी नावाजलेले तळे असून त्याचा विस्तार सुमारे 1,32,000 एकर आहे. भाड्याची लहान बोट घेऊन मी तिथे गेलो. सकाळी दहाला पश्चिमेचा वारा सुटला, लाटा काठावरून आत येऊ लागल्या, आणि उरलेला दिवस धक्क्यावर बसून बोटभर लांबीचे पर्च मासे सोडून देण्यात गेला. एवढ्या पाण्यात जायचेच असेल तर तिथल्या लाँचवर, म्हणजे अनेक गळकऱ्यांना भाड्याने नेणाऱ्या मोठ्या बोटीवर, जागा घ्यावी, ज्यात नावाडी अनुभवी असतो आणि तुम्हाला फक्त गळ सांभाळायचा असतो. एरवी पाहुण्याने पाचशे ते तीन हजार एकरांचे तळे निवडावे, असे माझे ठाम मत आहे.

तळे घरबसल्या हेरण्यासाठी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची ‘लेकफाइंडर’ ही सेवा आहे. तळ्याचे नाव टाकले की खोलीच्या रेषांचा नकाशा, पाण्याची पारदर्शकता, सोडलेल्या पिलांची नोंद आणि जाळे लावून केलेल्या पाहणीचा तक्ता, असे सारे मिळते. नवखा माणूस पिले कोणत्या तळ्यात जास्त सोडली हे आधी पाहतो. मी ते शेवटी पाहतो, कारण पिले वारंवार सोडावी लागतात याचा अर्थ पुष्कळदा तिथे मासा स्वतःहून वाढत नाही, असाच असतो. खरी माहिती जाळ्यांच्या तक्त्यात असते. एका गिलनेटमागे, म्हणजे पाण्यात उभ्या लावलेल्या जाळ्यामागे, किती वॉलआय आले आणि तशाच प्रकारच्या तळ्यांत साधारण किती येतात, हे दोन आकडे तिथे शेजारी शेजारी दिलेले असतात. पहिला आकडा दुसऱ्याच्या वरच्या टोकाला किंवा त्यापुढे असेल तर ते तळे यादीत घ्यावे. मग लांबीनुसार केलेली विभागणी पाहावी. समजा, दोन वर्षांपूर्वीच्या पाहणीत दहा-अकरा इंची मासे भरपूर दिसले, तर ते आज चौदा-पंधरा इंचांच्या घरात आलेले असणार, म्हणजे नेमके रवा लावून तळण्याजोगे. त्याच तक्त्यात फक्त पंचवीस इंची मोठे मासे असतील तर फोटो छान येईल, पण दिवसभरात गळाला एखादाच लागेल. पाहणीचे वर्ष मात्र न चुकता वाचावे; दहा वर्षांपूर्वीच्या तक्त्याला मी फारशी किंमत देत नाही.

अशी तीन-चार तळी निघाली की नकाशावर पाण्यात घुसलेली जमिनीची टोके, पाण्याखालचे खडकाळ उंचवटे आणि पाणगवताची खोल पाण्याकडची कड शोधावी. वॉलआयच्या डोळ्यामागे मांजरासारखा प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात तो भक्ष्याहून सरस ठरतो आणि निवळशंख पाण्यात भर दुपारी खोलात दबून राहतो. म्हणून पारदर्शक तळ्यात सूर्यास्ताच्या आसपासचे दोन तास राखून ठेवावेत. गढूळ किंवा चहासारख्या पाण्याच्या तळ्यात दिवसाही आशा असते. वारा ज्या काठावर लाटा आणून आदळतो तो काठ कंटाळवाणा वाटला तरी सोडू नये.

यानंतर गावातल्या आमिषाच्या दुकानात जावे. तिथे ‘वॉलआय कुठे आहेत’ असे विचारले तर सर्वांना दिले जाणारे उत्तर मिळते. ब्रेनर्डजवळच्या एका दुकानात मी फक्त एवढेच विचारले की या आठवड्यात लोक कोणते आमिष जास्त नेत आहेत आणि ते किती फूट खोलीवर लावत आहेत. म्हाताऱ्या दुकानदाराने थर्माकोलच्या पेल्यात डझनभर जळवा मोजल्या, झाकण दाबले आणि त्यावर पेन्सिलने ‘9’ लिहिले. त्या संध्याकाळी पाणगवताच्या कडेला, नऊ फुटांवर, तरंगणाऱ्या फ्लोटखाली लावलेल्या जळवेला चार वॉलआय लागले.

बोट मिळालीच नाही तर रेड विंगजवळ, मिसिसिपीवरील तिसऱ्या क्रमांकाच्या धरणाखाली काठावरून प्रयत्न करता येतो. तो दोन राज्यांच्या सीमेवरचा भाग असल्याने तिथे वॉलआयचा हंगाम वर्षभर खुला असतो.

परराज्यातील माणसासाठी चोवीस तास, बहात्तर तास आणि सात दिवसांचे वेगवेगळे परवाने ऑनलाइन मिळतात. सहा दिवसांसाठी सात दिवसांचा घ्यावा. किती आणि केवढे मासे ठेवायचे याचे नियम तळ्यागणिक बदलू शकतात, तेव्हा बोट उतरवण्याच्या धक्क्यावरचा फलक वाचल्याखेरीज गळ काढू नये. उत्तरेकडे जाणार असाल तर एक खबरदारी घ्यावी. अप्पर रेड लेक या तळ्याचा फक्त पूर्वेकडचा भाग राज्याच्या अखत्यारीत आहे. बाकीचा भाग आणि संपूर्ण लोअर रेड लेक हे रेड लेक या मूळ अमेरिकी जमातीचे पाणी आहे, आणि तिथे नुसत्या राज्याच्या परवान्यावर मासेमारी करता येत नाही. तळे सोडताना बोटीतील पाण्याचा बूच काढून सगळे पाणी ओतावे लागते, आणि उरलेले आमिष पाण्यात न टाकता कचऱ्यात टाकावे लागते. जळवा दुसऱ्या दिवसासाठी ठेवायच्या असतील तर पेल्यातले तळ्याचे पाणी बदलून बाटलीतले पाणी घालावे. मी त्यासाठी गाडीत एक बाटली कायम ठेवतो.