चहाच्या कपात लावलेली रोपं मुंबईच्या फ्लॅटमध्ये टिकतात का? माझी दोन्ही मेली

तुम्ही लिहिलंय की आजीचा सोनेरी काठाचा सहा कपांचा सेट आहे, एकाचा कान तुटलाय, घर पाचव्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला, आणि जूनमध्ये कपांत लावलेली दोन्ही रोपं ऑगस्टपर्यंत गेली. रोपं कोणती ते लिहिलं नाहीत. पण माझी पैज आहे, एक जेड प्लांट असणार आणि दुसरं ते गुलाबाच्या फुलासारखं दिसणारं, जाड पानांचं. नर्सरीवाल्याने "इसको पानी कम लगता है" म्हणून दिलेलं.

टिकतात. माझ्याकडे मुलुंडच्या वन बीएचकेमध्ये आत्ता अकरा आहेत. पण त्याआधी मीही सहा मारली आहेत, तीही एकाच पावसाळ्यात. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "चहाच्या भांड्यात माती? शोभतं का हे?" रोपं कुजून कपांना वास यायला लागला तेव्हा मात्र त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं.

तुमची रोपं तहानेने मेली नाहीत, बुडून मेली. हे समजायला भांडी घासायचा नवा स्पंज घ्या. पूर्ण भिजवा आणि आडवा, सपाट धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. परत पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. मातीचंही असंच असतं. खालच्या काही सेंटीमीटरमध्ये पाणी अडकून राहतं, भोक असलं तरी. मोठ्या कुंडीत तो थर तळाशी राहतो आणि मुळांना वर कोरडी जागा मिळते. कपाची उंचीच जेमतेम सहा-सात सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ सगळा कपच तो ओला थर. त्यात भोक नाही, आणि वरून जुलैची हवा, जिच्यात टॉवेलसुद्धा दोन दिवस वाळत नाही.

म्हणूनच "तळाला खडे टाका, निचरा होईल" हा सल्ला कपासाठी उलटा आहे. भिजलेला स्पंज खड्यांवर ठेवला म्हणून त्यातलं पाणी खाली पळत नाही. माती पुरती भरल्याशिवाय ती खड्यांत पाणी सोडत नाही. खडे टाकून तुम्ही फक्त मातीची उंची कमी करता, म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ आणता. मी स्वतः माझ्या सहाही कपांत मत्स्यालयाचे रंगीत खडे घातले होते. दिसायला छान होते.

मग करायचं काय? सगळ्यात सोपं म्हणजे कपात माती घालायचीच नाही. रोप राहील श्रीखंडाच्या किंवा दह्याच्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत. तिच्या तळाला गॅसवर तापवलेल्या सुईने सात-आठ भोकं पाडायची, आणि ती डबी कपात बसवायची. डबी थोडी वर आली तर काठावर कात्री फिरवा. पाणी घालायच्या दिवशी डबी बाहेर काढायची, सिंकमध्ये भरपूर पाणी द्यायचं, अर्धा तास निथळू द्यायची, परत कपात. सरळ उभ्या कॉफीच्या मगात हे फार छान जमतं. चहाचा कप मात्र खाली निमुळता असतो, तिथे डबी अडकते आणि डगडगते.

अशा कपाला भोक पाडावं लागतं. ते घरच्या साध्या ड्रिलच्या टोकाने होत नाही, कप फुटतो. हिऱ्याची कणी बसवलेलं, टाइल्स आणि काचेसाठीचं टोक लागतं. सहा मिलिमीटरचं पुरतं. नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या दुकानांत मिळतं, पण एका कपासाठी विकत कशाला घ्यायचं? बाथरूममध्ये नळ किंवा गीझर बसवायला जो प्लंबर येतो, त्याच्याकडे हे बहुतेक वेळा असतं. माझी चार भोकं आमच्या प्लंबरने चहा होईपर्यंतच्या वेळात पाडून दिली. कप ओल्या फडक्यावर उपडा ठेवायचा, तळावर चिकटपट्टी लावायची म्हणजे टोक घसरत नाही, मशीनचा हॅमर बंद, वेग कमी, आणि सतत पाण्याची धार. जोर द्यायचा नाही. शेवटच्या मिलिमीटरला तर मुळीच नाही, तिथेच टवका उडतो. पाण्याच्या जवळ वायर येणार, म्हणून बॅटरीवर चालणारं मशीन असेल तर उत्तम, नाहीतर धारेऐवजी ओला स्पंज टेकवत राहायचं. माझ्या चारातला एक कप तडकला, पण तो आधीपासूनच केसाएवढ्या चिरेचा होता. चीर आहे का ते आधी ओळखता येतं: कप बोटावर टांगून टिचकी मारा. चांगला कप वाजतो, तडा गेलेला थप्प करतो. कानतुटका टांगता येत नाही, तो तळहातावर उभा ठेवा.

ज्याला भोक पाडायची हिंमत होत नाही आणि डबीही बसत नाही, असा कप उरलाच तर पाणी मोजून घालायचं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण जपून ठेवा, त्यावर पाच आणि दहा मिलीच्या खुणा असतात. दीडशे मिलीच्या कपाला एका वेळी दहा-पंधरा मिली. परत कधी? दिवस मोजू नका, कप उचलून बघा. पाणी घातल्यावरचं वजन एकदा हाताला कळलं की हलका झालेला कप लगेच समजतो. एप्रिल-मेमध्ये माझे कप तिसऱ्या दिवशी हलके होतात. पावसाळ्यात जाड पानांच्या रोपाला मी दोन-दोन आठवडे थेंब देत नाही.

माती घरीच करा. नर्सरीची लाल माती कपात विटेसारखी बसते, आणि नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी धरून ठेवतं. मी एक वाटी कोकोपीट, एक वाटी गांडूळखत आणि एक वाटी जाड रेती किंवा विटेचा चुरा घेते. जाड पानांच्या रोपांसाठी रेती दुप्पट. रेती बांधकामाच्या जागेवरून चाळून आणली तरी चालते. जुहूवरून नको, समुद्राच्या वाळूतलं मीठ रोपाला मारतं. (हसू नका, आमच्या सोसायटीत एकाने केलंय.)

आता डासांचं. मुंबईत राहून हा भाग गाळून कपांचं उत्तर लिहिणं बेजबाबदारपणा ठरेल. त्याच पावसाळ्यात पालिकेचे डास तपासणारे कर्मचारी आमच्या मजल्यावर आले होते. मी ऐटीत म्हटलं, आमच्याकडे काही नाही. त्यांनी टॉर्च सरळ माझ्या मनी प्लांटच्या काचेच्या बरणीत मारला. आत अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास अशाच घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची बशी, त्या 'लकी बांबू'चं भांडं, सगळं त्याला सारखंच. (तो बांबू नसतोच, आफ्रिकेतल्या ड्रसीनाची फांदी असते. नशिबाचं काय ते तुम्ही ठरवा.) नुसतं पाणी बदलून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवायचा, माझा रविवार आहे. पाणी ओतायचं, भांडं आतून घासणीने घासायचं, मुळं नळाखाली धरायची, मग नवीन पाणी. कपाखाली बशी ठेवलीत तर निथळलेलं पाणी त्याच दिवशी ओतून द्या. एवढं जमणार नसेल तर पाण्यातली रोपं ठेवूच नका, मातीतली पुरेत.

कोणती रोपं? तुमची खिडकी पश्चिमेची आहे, म्हणजे दुपारी दोननंतर काच तापते. कपाएवढी माती त्या उन्हात मुळांसकट शिजते. काचेपासून दोन-तीन फूट आत, किंवा पातळ पडद्यामागे ठेवा. तिथे मनी प्लांट, सिंगोनियम, पेपेरोमिया आणि स्पायडर प्लांटची पिल्लं मजेत राहतात. त्या पिल्लांना लटकत असतानाच मुळं फुटलेली असतात, तोडली की लागली. जाड पानांचं हवंच असेल तर हॉवर्थिया घ्या. ती कमी उजेड सहन करते, हळू वाढते आणि कपात वर्षानुवर्षं बसते. ते गुलाबाच्या फुलासारखं, फोटोत सगळ्या कपांत दिसणारं इचेव्हेरिया मात्र मुंबईत मला नको. ते मेक्सिकोच्या डोंगराळ, कोरड्या भागातलं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याला रोज सर्दी. जेडच्या नावाने इथे बऱ्याचदा पोर्टुलाकारिया मिळतं, लाल दांड्याचं, छोट्या गोल पानांचं. ते खऱ्या जेडपेक्षा जास्त सोसतं. तुळस कपात लावू नका, तिला खोल माती लागते. आणि पुदिना, ओवा वगैरे खायचं काहीही जुन्या नक्षीच्या कपात नको, त्या काळच्या रंगांत आणि चकाकीत शिसं असण्याची शक्यता असते.

कप संपले की माणसाची नजर घरभर फिरायला लागते, तुमचीही फिरेल. नारळाची डोळेवाली करवंटी घ्या. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, स्क्रू ड्रायव्हर टोचला की भोक तयार. वर्ष-दीड वर्षाने कुजते, तेव्हा फेकून दुसरी. जुनी चाळणी तर कुंडी म्हणूनच जन्माला आलीय. लोणच्याची चिनीमातीची बरणी सुंदर दिसते, पण आधी तीन-चार दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि रोज पाणी बदला, बारीक चिरांत मुरलेलं मीठ निघायला हवं. पत्र्याचे डबे आपल्या हवेत गंजतात. गिरगावातल्या आमच्या चाळीत प्रत्येक गॅलरीत डालडाच्या पिवळ्या डब्यातली तुळस होती. डब्यावर ताडाचं झाड, आत तुळस, आणि तळ दर दोन-तीन वर्षांनी गंजून खाली पडायचा. गंजलेल्या तळातून पाण्याचा निचरा मात्र झकास व्हायचा, म्हणून तर त्या तुळशी टिकल्या. तांब्या-पितळेच्या भांड्यात थेट माती घालू नका, तांबं मुळांना सोसत नाही. आत डबी ठेवा. माझ्या सासूबाईंनी पितळी तांब्या मागितल्यावर इतक्या थंडपणे "नाही" म्हटलं की मी हा प्रयोग पुढे नेला नाही.

मांडणीबद्दल माझं मत जरा कडक आहे. नक्षीच्या कपात साधं हिरवं रोप, पांढऱ्या कपात ठिपक्यांचं किंवा पट्ट्यांचं. दोन्ही नक्षीदार झाले की लग्नातली साडी आणि लग्नातला शालू एकत्र नेसल्यासारखं दिसतं. एका कपात एकच रोप. पाच जातींची पाच रोपं कोंबून वर प्लास्टिकचं हरीण ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. आणि खिडकीच्या कट्ट्यावर सहा कप परीक्षेला बसवल्यासारखे रांगेत नको. आमच्याकडे स्वयंपाकघरात ट्रॉल्या आल्यावर स्टीलची जुनी मांडणी भंगारात निघाली होती. ती मी खिडकीशेजारच्या भिंतीवर ठोकून घेतली. ताटांच्या खाचांत बश्या उभ्या, फळ्यांवर कप, हुकांना कानाने टांगलेले रिकामे कप. गजांतून उजेड आणि वारा आरपार जातो आणि कप खालीवर बसल्याने गर्दी वाटत नाही. ग्रिलच्या बाहेरच्या काठावर मात्र एकही कप ठेवू नका. पाचव्या मजल्यावरून पडलेला कप खालच्या माणसाला रोप म्हणून लागत नाही.

तुमच्या सेटमधले पाच कप शोभेला तसेच राहू द्या. भोक पाडायचं ते कानतुटक्याला, आणि त्याची बशी त्याच्याचखाली ठेवा. आता सप्टेंबर चालू आहे, हवा अजून ओली आहे, तेव्हा लागवड दसऱ्यानंतर. तोवर कुठून तरी पानफुटीचं एक पान मिळवा, कोणाच्या ना कोणाच्या गॅलरीत असतंच. ते नुसतं कोरड्या बशीत ठेवून द्या, माती नको, पाणी नको. काही दिवसांत पानाच्या काठावरच्या खाचांतून बारीक रोपं निघतील, खाली पांढरी मुळं लोंबतील. त्यातलं सगळ्यात धट्टंकट्टं निवडून प्लंबर येऊन गेल्यावर कपात लावा. प्लंबर लवकर आला नाही तर पान थांबेल, त्याची घाई करू नका.