वजनकाटा कपाटातच राहू द्या

ताई, तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना आहार-व्यायामाचे चार तास घ्यायचेत, तर सुरुवात वजन-उंची मोजून बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) काढण्यापासून करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. मी हे ठेच लागून शिकलोय.

पूर्वी मी सगळ्यांदेखत वजनं घ्यायचो, आकडा मोठ्यानं सांगायचो. एकदा एका मुलीनं काट्यावर चढण्याआधी बूट काढले, मग स्वेटर, मग घड्याळ, शेवटी केसांतल्या पिना. पिना मुठीत घट्ट धरून ती काट्यावर उभी राहिली. मुठीतल्या पिनांचंही वजन होतंच, पण तिला ते कोण सांगणार! त्या दिवसापासून काटा वर्गात आणला नाही.

तसाही बीएमआयच्या आकड्याचा या वयात गोंधळच होतो. 18.5 ते 24.9 म्हणजे योग्य, ही चौकट मोठ्यांची. मुलांसाठी वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते असतात, ते डॉक्टरांनी बघावेत. त्यापेक्षा पहिला तास वाढीवर घ्या. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी झपाट्यानं वाढते, मुलांची दोनेक वर्षं उशिरा. वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी चढते, ती चढायलाच हवी. एवढं फळ्यावर काढून दाखवलं की निम्म्या वर्गाच्या खांद्यावरचं ओझं उतरतं, अगदी दिसतं तसं.

खाण्याबद्दल बोलताना 'चांगलं-वाईट' हे शब्द मी वापरत नाही. विचारतो, शेवटच्या तासाला डोळे का मिटतात? सकाळी कोण उपाशी आलंय? मग लोहावर येतो. 14 ते 18 वयात अमेरिकी शिफारशीनुसार मुलींना रोज 15 मिलिग्रॅम लागतं, मुलांना 11. पाळीमुळे हा फरक, हे मुलांसमोरच सांगायचं, खुसखुस दोन मिनिटांत संपते. कडधान्यं-पालेभाज्यांतलं लोह आंबट फळासोबत जास्त अंगी लागतं, हेही तिथंच.

मुलग्यांना विसरू नका. त्यांना छाती-दंडाची काळजी पोखरत असते, फक्त ती 'प्रोटीन पावडर घेऊ का सर?' अशी बाहेर पडते. 50 किलोच्या मुलाची प्रोटीनची गरज दिवसाला 43 ग्रॅमच्या आसपास. दोन्ही वेळ नीट जेवणाऱ्याला पावडरीचा डबा विकत घ्यावा लागत नाही.

व्यायाम रोज तासभर, जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच म्हणणं आहे. मात्र उशीर झाला म्हणून उठाबशा काढायला लावू नका, व्यायाम आणि शिक्षा डोक्यात एकत्र बसतात.

कुणी सारखं जेवण टाळतंय, खाल्ल्याखाल्ल्या बाथरूममध्ये जातंय, किंवा पाळी तीन महिने आलेली नाही, तर वर्गात चर्चा नको. एकटीला गाठून विचारा, घरच्यांना विश्वासात घेऊन डॉक्टरांकडे पाठवा.

आणि जमलं तर चौथा तास पालकांचा घ्या. 'जाड्या', 'काडी' ही नावं बहुतेक वेळा घरातूनच शाळेत येतात.