एकच पीक, म्हणून एकच पॉलिमर?

प्रश्न : आम्ही बाहेरून घेतो त्या स्टायरीन-मिथाइल मेथाक्रिलेट कोपॉलिमरचा (एकाच साखळीत दोन्ही घटक गुंफलेल्या पॉलिमरचा) जीपीसीवर, म्हणजे साखळ्या आकारमानानुसार वेगळ्या करणाऱ्या चाचणीत, एकच सुबक पीक (आलेखातला उंचवटा) येतो. पण काचेवर ओढलेली फिल्म वाळली की दुधाळ दिसते. पुरवठादार जीपीसीचा कागद पुढे करतो. खरं कोणाचं मानायचं?
– एक वाचक, लोटे-परशुराम

उत्तर : माझं मत फिल्मच्या बाजूने. मात्र कोकणातल्या दमट हवेतही फिल्म पांढरी पडते, तेव्हा आधी एक ओव्हनमध्ये वाळवून पाहा. तरीही दुधाळच राहिली तर कोपॉलिमरमध्ये सुटे पॉलिमर असल्याचा संशय घ्या. पॉलिस्टायरीन (नुसत्या स्टायरीनचं पॉलिमर) आणि पीएमएमए (नुसत्या मिथाइल मेथाक्रिलेटचं) एकमेकांत मिसळत नाहीत. पहिल्याचा अपवर्तनांक 1.59, दुसऱ्याचा 1.49, त्यामुळे दोन्ही सुटे असले की प्रकाश विखुरतो. जीपीसीला कळतं ते साखळीचं आकारमान, तिची जात नव्हे.

जात ओळखायला साधा सिलिका कॉलम (सिलिकाचे कण भरलेली नळी) घ्या. त्यातून वाहणाऱ्या द्रावकाची सुरुवात नुसत्या टोल्युइनने करा, मग पंधरा-वीस मिनिटांत टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान हा दुसरा द्रावक) शंभर टक्क्यांवर न्या. टोल्युइनमध्ये पॉलिस्टायरीन सिलिकाला चिकटत नाही, दोनेक मिनिटांत बाहेर. पीएमएमए मात्र अडकतं. माळरानातून चालून आल्यावर धोतराला कुसळं लागतात ना, तसं. एक कुसळ सहज झटकता येतं, शेकडो लागली की नाही. म्हणून एकाच ठरावीक मिश्रणावर कॉलम चालवला तर लांब साखळी एकतर थांबतच नाही, नाहीतर सुटतच नाही. टीएचएफ वाढवत नेलं की ती आपल्या वेळेला सुटते. खरं कोपॉलिमर या दोहोंच्या मध्ये, मेथाक्रिलेटच्या प्रमाणानुसार उतरतं.

डिटेक्टर ईएलएसडी (विखुरलेला प्रकाश मोजणारा) हवा. त्यात द्रावक उडून जातो आणि उरलेल्या पॉलिमरच्या कणांवरून प्रकाश विखुरतो. 254 नॅनोमीटरवर यूव्ही (अतिनील प्रकाशाचा डिटेक्टर) लावलात तर टोल्युइनच सगळा प्रकाश गिळेल. आरआय (अपवर्तनांक मोजणारा डिटेक्टर) तर ग्रेडियंटमध्ये, म्हणजे द्रावक असा बदलत नेताना, लावूच नका, बेसलाइन (आलेखाची पायारेषा) पळत राहते.

आता माझी फजिती. जीपीसीच्या सवयीने मी नमुना टीएचएफमध्ये विरघळवला आणि 100 मायक्रोलिटर कॉलमवर सोडला. दुसऱ्या मिनिटाला ठसठशीत पीक. मी ‘सुटं पॉलिस्टायरीन’ असा शेरा मारला आणि लॉट परत गेला. पुढच्या आठवड्यात सहज म्हणून शुद्ध पीएमएमए सोडलं, तर तिथेही दुसऱ्या मिनिटाला पीक! टीएचएफच्या त्या थेंबाबरोबरच पीएमएमएचा काही भाग सिलिकाला न चिकटता वाहून जात होता. नमुना टोल्युइनमध्ये करून 10 मायक्रोलिटर सोडल्यावर तो पीक गेला. पुरवठादाराला फोन मलाच करावा लागला.

तेव्हा तुमच्या नमुन्याआधी शुद्ध पीएमएमए त्याच पद्धतीने चालवा. त्यात सुरुवातीला काही दिसलं, तर पुरवठादाराला अजून काही कळवू नका.