बस्तरच्या हत्तींची जोडी खरी का?

तुम्ही ढोकऱ्याच्या, म्हणजे मेण वितळवून ओतलेल्या पितळेच्या हत्तींची जोडी घेतलीत. विकणारा म्हणतो, शंभरहून जास्त वर्षं जुनी, बस्तरच्या देवगुडीतली, म्हणजे गावदेवाच्या ठाण्यातली. खरी कशी ओळखायची, असा तुमचा प्रश्न. नुसत्या फोटोवरून कुणीही छातीठोकपणे सांगू नये. पण हत्ती तुमच्या हातात आहेत, त्यामुळे निम्मं काम तुम्हीच कराल.

दोघांना शेजारी ठेवा, भिंग घ्या आणि झुलीवरचे वेढे मोजा. ढोकऱ्यात आधी मातीचा गाभा घडवतात. त्यावर मेणाच्या सुतासारख्या बारीक तारा गुंडाळत, चिकटवत झूल, दागिने, डोळे उभे करतात. वरून पुन्हा माती लिंपतात आणि भट्टीत घालतात. मेण वितळून जातं, त्या पोकळीत पितळ उतरतं. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, म्हणजे एका साच्यातून एकच मूर्ती. जोडीतले हत्ती भावंडं असतात, जुळे कधीच नसतात.

मी स्वतः इथेच फसलो. घरी आणल्यावर महिनाभराने लक्षात आलं, की दोन्ही हत्तींच्या डाव्या कानाची तार अगदी एकाच जागी तुटलेली आहे! रबरी साच्यात मेण ओतून नकला काढल्या होत्या. पितळ खरं, ओतकामही खरं, पण ती तार कुणाच्या बोटांनी वळलेली नव्हती. पोटाखाली सांध्याची सरळ रेघ दिसली, तरी हाच संशय घ्या. उलट बारीक खड्डे, एखादं ठिगळ, पोकळीत अडकलेली जळकी माती यांना दोष समजू नका.

आता वयाचं. पूजेतली मूर्ती जिथे हात लागतो तिथे झिजते, गुळगुळीत होते आणि खाचांत काळी राहते. सगळीकडे सारखाच काळेपणा असेल तर स्पिरिटचा बोळा फिरवून बघा, बहुतेकदा रंग बोळ्यावर येतो. आणि समजा, खरंच शंभर वर्षं झाली असतील, तर १९७२च्या कायद्याप्रमाणे ती पुरावस्तू. परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही, खासगी माणसाला ती परदेशी पाठवताही येत नाही. विकणाऱ्याला परवाना विचारा, बहुधा वय लगेच उतरेल. देवगुडीतली असेल तर कुणाचा तरी देव उचलून आणलाय. असली वस्तू मी शोकेसमध्ये ठेवणार नाही.

ढोकरा 'आदिवासी कला' म्हणून विकतात, तो 'आदिवासी' शब्दही जरा सांभाळून. बस्तरमध्ये हे ओतकाम परंपरेने घडवा समाज करतो. मुरिया, माडिया या गोंड समाजांचे देव आणि दागिने या घडव्यांच्याच हातचे. कोंडागावच्या जयदेव बघेल यांनी ही कला देशाबाहेर पोचवली, तीसुद्धा स्वतःच्या नावानिशी.

म्हणून माझं मत विचाराल तर जुन्याच्या मागे लागूच नका. आज घडवलेली झिटकू-मिटकीची, म्हणजे बस्तरच्या लोककथेतल्या प्रेमिकांची जोडी घ्या, पण कुणी घडवली, कुठल्या गावात, ते विचारून. मी चिठ्ठीवर कारागिराचं नाव आणि साल लिहून बैठकीखाली चिकटवतो. ज्या मूर्तीला नाव सांगता येत नाही, तिच्यासाठी जास्त पैसे मोजत नाही.

माझे ते दोन हत्ती अजून आहेत. नवख्यांना भिंग देऊन त्यांच्यासमोर बसवतो. कान सापडायला फार वेळ लागत नाही.