मुलीच्या स्वरयंत्रावरचे पॅपिलोमा दोनदा काढूनही परत आले. मुळासकट काढणारा कुणी आहे का?

ताई, तुमची मुलगी पाच वर्षांची, सात महिन्यांत दोन ऑपरेशनं झाली, आणि परवा दुर्बिणीतून पाहिलं तर मोड पुन्हा आलेले. गाठी कॅन्सरच्या नाहीत असा रिपोर्ट आहे, मग त्या जात का नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. भांडुपला राहते आणि माझ्या मुलाच्या घशातले हेच पॅपिलोमा चौदा वेळा काढले आहेत. पहिलं ऑपरेशन २०१२ मध्ये, तो चार वर्षांचा असताना. शेवटचं २०२२ च्या जुलैत.

सगळ्यात आधी तो ‘मुळासकट’ शब्द सोडा. मीही तोच धरून तीन डॉक्टरांकडे फिरले होते. या गाठींना मूळ नसतंच. एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे उठलेल्या या चामखिळीच आहेत, फक्त जागा वाईट. फुलकोबीच्या तुऱ्यासारखा दिसणारा भाग काढता येतो. पण विषाणू आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या अस्तरातही बसलेला असतो. तो खरवडून निघत नाही. खरवडायला गेलं तर मुलीचा आवाज मात्र कायमचा जाऊ शकतो.

हे मला तिसऱ्या ऑपरेशनच्या वेळी कळलं. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, “पुढच्या टोकाला थोडं मुद्दाम ठेवलंय.” मी भडकले. सकाळी साडेचारला उपाशी लेकराला घेऊन निघायचं, तो पाणी पाणी करत रडणार, आणि हे अर्धवट ठेवून देणार? त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. दोन स्वरतंतू पुढे एका टोकाला जुळतात. त्या जागी दोन्ही बाजू एकाच वेळी सोलल्या, तर जखमा भरताना एकमेकींना चिकटतात आणि मध्ये पडदा धरतो. चामखीळ पुन्हा काढता येते, पण व्रण बसला की तो स्वरतंतू पहिल्यासारखा थरथरत नाही. म्हणून श्वासाची वाट मोकळी करायची, आवाज निघेल इतकं साफ करायचं आणि थांबायचं. त्या दिवसापासून माझ्या लेखी चांगल्या सर्जनची खूण बदलली. ‘एकदाच सगळं साफ करून देतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘थोडं ठेवीन, तीन महिन्यांनी परत बघू’ म्हणणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

आमचं तर निदान व्हायलाच सव्वा वर्ष गेलं होतं. बालदमा म्हणून नेब्युलायझर चालू होता. आवाज घोगरा व्हायचा, रडला तरी नुसता फसफस वारा यायचा, आणि सगळे म्हणायचे मोठा झाला की सुटेल. शेवटी एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला माझ्या मांडीवर बसवून नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि दोन मिनिटांत सांगितलं. तुमचं निदान वेळेत झालंय, हे खरंच बरं झालं.

आता पुढच्या वेळी काय विचारायचं ते सांगते. कशाने काढणार, ते विचारा. आमच्याकडे पहिली काही ऑपरेशनं लेसरने झाली, नंतरची मायक्रोडिब्रायडरने. त्यात बारीक फिरणारं पातं असतं आणि कापलेला तुकडा लगेच आत ओढून घेतला जातो. लेसर वाईट नाही, पण त्यात उष्णता आहे, खालच्या थराला भाजण्याचा धोका आहे, आणि जवळ ऑक्सिजन असल्यामुळे फार जपावं लागतं. यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा, हे मात्र खरं. दुसरं, भूल कोण देणार? इथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही एकाच चिंचोळ्या वाटेतून काम करायचं असतं. लहान मुलांच्या श्वासनलिकेच्या ऑपरेशनांचा सराव असलेली जोडी हवी, आणि ती जिथे असेल तिथेच जा, घरापासून लांब पडलं तरी. आम्ही घराजवळची दोन हॉस्पिटलं सोडून परळला जायचो ते याचसाठी. तिसरं, काढलेला तुकडा दर वेळी तपासायला जातो ना, याची खात्री करा. कॅन्सरकडे वळणं क्वचितच होतं, पण होऊ शकतं.

गळ्याला भोक पाडून नळी बसवायची गोष्ट निघाली, तर घाबरून नकारही देऊ नका आणि सहज होकारही देऊ नका. जीव वाचवायला ती लागली तर लागलीच. पण त्या वाटेने पॅपिलोमा खाली श्वासनलिकेत पसरण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर शक्यतो टाळतात आणि बसवलीच तर लवकरात लवकर काढायला बघतात.

औषधांबद्दल इंटरनेटवर बरंच वाचलं असेल. सिडोफोव्हिर गाठीत टोचतात. काहींना गुण येतो, पण ते मुळात या आजारासाठीचं औषध नाही. बेव्हासिझुमॅबबद्दल मात्र तुमच्या डॉक्टरांशी नक्की बोला. हे मुळात कॅन्सरचं औषध. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या वाढू देत नाही. खूप पसरलेल्या किंवा सारख्या उगवणाऱ्या पॅपिलोमासाठी ते शिरेतून देतात आणि कित्येकांच्या दोन ऑपरेशनांमधलं अंतर त्याने वाढलं आहे. रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन तपासत राहावं लागतं, आणि औषध थांबवलं की गाठी बऱ्याचदा परत येतात, हेही ध्यानात ठेवा. आमच्यापुढे हा पर्याय २०२१ मध्ये आला होता, पण तोवर दोन ऑपरेशनांमधलं अंतर आपोआप वाढू लागलं होतं, म्हणून थांबलो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत खास या आजारासाठी पॅपझिमिओस नावाच्या उपचाराला मंजुरी मिळाली. बारा आठवड्यांत चार इंजेक्शनं, शरीरालाच या विषाणूशी लढायला शिकवणारी. चाचणीतल्या ३५ जणांपैकी १८ जणांना उपचारानंतर वर्षभर एकही ऑपरेशन लागलं नाही. ते सध्या मोठ्या माणसांसाठीच आहे, तुमच्या मुलीला आज उपयोगाचं नाही. तरी सांगते, कारण २०१२ मध्ये माझ्यापुढे असं काहीच नव्हतं.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही हळूच विचारलंय, “हे माझ्यामुळे झालं का?” ताई, या प्रश्नाने मी दोन वर्षं झोपले नव्हते. लहान मुलांत हा विषाणू बहुतेक वेळा जन्माच्या वेळी आईकडून येतो, हे खरं आहे. तो इतका सर्रास आढळतो की आईला स्वतःला काही त्रास नसतो, पत्ताही नसतो. आणि ज्या बाळांशी त्याचा संबंध येतो त्यांतल्या फारच थोड्यांना पॅपिलोमा होतात. बाकीच्यांचं शरीर त्याला परतवून लावतं. सिझेरियन केलं असतं तर नक्की टळलं असतं, असंही कुणी सांगू शकत नाही. आमच्या घरी हे कळल्यावर मी चार दिवस कुणाशी बोलले नाही. सासूबाईंनी जेवायला बसवलं आणि म्हणाल्या, “कांजिण्या कुणाच्या कुणाला झाल्या, याचा आपण कधी हिशेब ठेवलाय का?” मग पुढच्या प्रत्येक ऑपरेशनला त्या थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या. कुणी तुम्हाला बोल लावत असेल तर त्यांना ही माझी ओळ वाचून दाखवा.

एका ताटात जेवल्याने, खेळल्याने हे पसरत नाही. शाळा बंद करू नका. आमच्या बाईंना आम्ही सगळं समजावून सांगितलं होतं. हजेरीला त्याने नुसता हात वर करायचा, एवढं ठरलं, आणि वर्गानेही ते सहज घेतलं. तुम्हाला लहान मूल आणखी असेल, तर वय वर्षं नऊनंतर एचपीव्हीची लस द्या, पण ६ आणि ११ प्रकार असलेली मागा. गार्डासिलमध्ये ते आहेत, सीरमच्या सर्व्हाव्हॅकमध्येही आहेत. नुसत्या १६ आणि १८ वर चालणाऱ्या लसीचा या आजाराला उपयोग नाही. आजच्या मुली उद्याच्या आया आहेत, म्हणून मी माझ्या धाकटीला दहाव्या वर्षीच दिली. ऑस्ट्रेलियात सगळ्या मुलींना लस सुरू झाल्यावर लहान मुलांतले पॅपिलोमा खूपच कमी झाले.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख ठरायच्या आधी विचारा. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे ना, तेही आजच बघा. आमची एक तारीख त्याच घोळात गेली होती.

वर्षं किती जातील, ते कुणीच सांगणार नाही. वयात आल्यावर आपोआप थांबतं असं म्हणतात. काहींचं थांबतं, काहींचं नाही. २०२० मध्ये कोविडमुळे नेहमीच्या तारखा रद्द झाल्या, तेव्हा पुढची पाळी कधी येणार या धास्तीने मी त्याच्या उशाशी बसून श्वास मोजायचे. तेव्हा कामी आली ती जुनी सवय. दर रविवारी त्याच्याकडून एका दमात बेचा पाढा म्हणवून घ्यायचा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचा. बरा असला की ‘बे दाहे वीस’पर्यंत सहज पोचायचा. ‘बे पंचे’वर दम तुटायला लागला की मी डॉक्टरांना फोन करायचे. ते सलग ऐकायचे आणि आठवडाभरात बोलवायचं की महिना थांबायचं ते ठरवायचे. तुमची मुलगी पाढे म्हणत नसेल तर आकडे म्हणू दे. झोपेतल्या श्वासाचंही अर्धा मिनिट रेकॉर्डिंग ठेवा.

पण श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला, गळ्याखालचा खळगा किंवा फासळ्यांमधली जागा आत ओढली जायला लागली, ओठ निळसर दिसले, तर रेकॉर्डिंग करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, आणि दारातच सांगा, “स्वरयंत्रात पॅपिलोमा आहेत.” मागच्या ऑपरेशनचे कागद एका पिशवीत घालून दाराजवळ टांगून ठेवा.