कंटेनरमध्ये गेल्यावर फ्लास्क ॲपला रेडिस का सापडत नाही?

फ्लास्क या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कवर लिहिलेलं तुमचं भेटी मोजणारं छोटं ॲप लॅपटॉपवर नीट चालतं, पण ॲप आणि रेडिस (आकडा साठवणारा मेमरीतला डेटाबेस) वेगवेगळ्या कंटेनरमध्ये (डॉकरच्या स्वतंत्र, बंदिस्त खोक्यांमध्ये) टाकले की 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. शिवाय एकदा चाललं तेव्हा सगळं बंद करून पुन्हा सुरू केल्यावर आकडा परत १ वर आला, असं तुम्ही लिहिलंय.

पहिली गडबड बहुतेक 'लोकलहोस्ट' या एका शब्दात आहे. माझी यात अख्खी संध्याकाळ गेली होती. रेडिसच्या कंटेनरमध्ये शिरून रेडिस-सीएलआयवर (रेडिसला कमांड देण्याच्या साधनावर) पिंग टाकलं की लगेच पाँग यायचं, आणि ॲप मात्र जोडणी होत नाही म्हणून अडून बसलेलं. लोकलहोस्ट म्हणजे 'मी स्वतः', आणि प्रत्येक कंटेनरचा हा 'मी' वेगळा असतो. ॲप रेडिसच्या नेहमीच्या ६३७९ पोर्टवर रेडिस शोधत होतं, पण स्वतःच्याच कंटेनरमध्ये. तिथे रेडिस कुठून असणार?

डॉकर कंपोझच्या फाइलमध्ये (जिथे सगळे कंटेनर 'सर्व्हिस' म्हणून एकत्र लिहिलेले असतात) रेडिसच्या सर्व्हिसला जे नाव दिलंय, तेच होस्ट म्हणून वापरा. कंपोझ सगळ्या सर्व्हिसेससाठी एक नेटवर्क बनवतं आणि त्या नेटवर्कवर डॉकरचा डीएनएस या नावाचा पत्ता शोधून देतो. नाव कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून) घ्या, म्हणजे तोच कोड लॅपटॉपवरही चालेल.

६३७९ पोर्ट बाहेर उघडू नका. ॲपला त्याची गरज नाही, आणि रेडिसच्या अधिकृत इमेजमध्ये प्रोटेक्टेड मोड (बाहेरच्या बिनपासवर्ड जोडण्या अडवणारी सोय) बंद असतो. पासवर्डही तुम्ही लावल्याशिवाय नसतो. बाहेर उघडायचं ते फक्त ॲपचं पोर्ट. तिथे फ्लास्कला ०.०.०.० वर (म्हणजे कंटेनरबाहेरून येणाऱ्या जोडण्याही) ऐकायला सांगा, नाहीतर १२७.०.०.१ वर, म्हणजे लोकलहोस्टवरच बसून तो ब्राउझरला उत्तरच देणार नाही.

कंपोझ फाइलमध्ये ॲपसाठी 'डिपेंड्स ऑन' नुसतं लिहिलं तर ॲप रेडिसचा कंटेनर सुरू होईपर्यंतच थांबतं, रेडिस तयार होईपर्यंत नाही. रेडिसच्या हेल्थचेकमध्ये (सर्व्हिस तयार आहे का ते तपासणाऱ्या कमांडमध्ये) तेच पिंग टाका आणि 'सर्व्हिस हेल्दी' ही अट लावा.

आता आकड्याचं. मेमरीतला डेटाबेस म्हणजे डेटा जाणारच, असं नाही. नीट बंद करताना रेडिस स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची प्रत) डिस्कवर लिहितो. चालू असताना एक जरी बदल झाला असेल तरी ३६०० सेकंदांनी लिहितो, बदल जास्त असतील तर त्याआधीच. तुमचा आकडाही बहुधा लिहिला गेला होता, पण बिननावाच्या व्हॉल्यूममध्ये (व्हॉल्यूम म्हणजे कंटेनरबाहेर डेटा ठेवायची जागा). कंपोझचं 'डाऊन' (सगळं बंद) केल्यावर कंटेनर गेला आणि पुढच्या 'अप'ला (पुन्हा सुरू करताना) नवा कंटेनर नवं, रिकामं व्हॉल्यूम घेऊन आला. म्हणून नाव दिलेलं व्हॉल्यूम 'डेटा' या फोल्डरला जोडा. वीज गेली तरी आकडा टिकायला हवा असेल, तर अपेंड-ओन्ली मोड (प्रत्येक बदल फाइलच्या शेवटी नोंदवणारा) चालू करा. दर सेकंदाला डिस्कवर लिहिण्याची त्याची मूळ सेटिंग ठेवली, तर साधारण शेवटच्या सेकंदाचंच नुकसान होतं.

आणि आकडा वाचून, १ मिळवून परत लिहीत असाल तर ते आजच बदला. दोन विनंत्या एकदम आल्या की दोघींना ४१ दिसतो, दोघी ४२ लिहितात आणि एक भेट हरवते. रेडिसची 'इन्कर' ही कमांड वापरा, ती आकडा एकाच फटक्यात १ ने वाढवते. रेडिस कमांड एकामागून एक चालवतो, त्यामुळे दुसरी विनंती मध्ये घुसू शकत नाही.

बदल झाले की 'डाऊन', मग 'अप' करून आकडा बघा. फक्त 'डाऊन'ला 'व्ही' (-v) हा पर्याय जोडू नका, त्याने नाव दिलेलं व्हॉल्यूमही पुसलं जातं.