"पोरांसमोर अडखळलो तर?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजातल्या शिक्षकांकडून एक वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत सारखं ऐकते: "विद्यार्थ्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. त्यांच्यासमोर अडखळलो तर माझी काय पत राहील?" हे बोलणारे बहुतेक जण आपापल्या विषयात पक्के असतात; अडखळण्याची भीती असते ती वर्गात डिजिटल साधनं वापरताना. सगळेच निवृत्तीला टेकलेले असतात असंही नाही, पस्तिशीतलेही येतात. आज ज्यांच्याबद्दल लिहितेय ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सर आले होते झोपेची तक्रार घेऊन. रविवारची रात्र जागून निघायची. बोलता बोलता कळलं की सोमवारचा पहिला तास प्रोजेक्टर असलेल्या खोलीत असतो. प्रत्येकाने अध्यापनात डिजिटल साधनं वापरावीत आणि सत्राअखेर अहवाल द्यावा, असं कॉलेजचं फर्मान होतं. सरांनी प्रशिक्षणं केली होती, प्रमाणपत्रंही मिळवली होती. वर्गात मात्र ते एका चुणचुणीत विद्यार्थ्याला लॅपटॉपपाशी बसवत आणि स्वतः "हं, पुढची स्लाइड" म्हणत राहत. तो मुलगा गैरहजर असला की त्या दिवशी प्रोजेक्टर हमखास 'बिघडलेला' असायचा.

हे कधीपासून, असं विचारल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग सांगितलं. महासाथीत, 2020 साली, सगळं शिकवणं ऑनलाइन गेलं तेव्हा त्यांनी एक अख्खा मुद्दा माइक बंद ठेवून शिकवला होता. कुणी सांगितलं नाही. उलट हातवारे करतानाच्या त्यांच्या चेहऱ्याचं कुणीतरी स्टिकर बनवलं आणि ते वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं. "मॅडम, ती बॅच पास होऊन गेली. पण मला नवीन पोरं दिसली की वाटतं, यांच्याकडेही ते स्टिकर असेल."

म्हणजे भीती लॅपटॉपची नव्हती, हसं होण्याची होती. हा फरक केला नाही तर उपाय चुकतो. यंत्राची भीती असेल तर माहिती देऊन भागतं. हसं होण्याच्या भीतीला कितीही माहिती दिली तरी ती हलत नाही. लॅपटॉपपाशी बसवलेला तो मुलगा म्हणजे आमच्या भाषेत सुरक्षा-वर्तन. त्याच्यामुळे आजचा तास निभावतो, पण 'मला एकट्याला जमणार नाही' ही समजूत कधी तपासलीच जात नाही, उलट आणखी घट्ट होते.

प्रशिक्षणं करूनही फरक का पडला नाही, हे सरांना पडलेलं कोडं होतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली 'हे मला जमेल' हा विश्वास कुठून येतो ते मांडलं होतं. स्वतः करून जमवल्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर आणि त्या वेळची शरीराची अवस्था असे चार स्रोत त्यांनी सांगितले. त्यात सगळ्यात जोरकस पहिला. बहुतेक कार्यशाळांत तिसऱ्याचाच भरणा असतो. मंचावरचा तज्ज्ञ भराभर दहा ॲप दाखवतो, "किती सोपं आहे बघा" म्हणतो, आणि ज्याला ते सोपं वाटत नाही तो मनात आणखी खचतो. (एखादी गोष्ट सोपी आहे असं घाबरलेल्या माणसाला सांगू नये, हे माझं जुनं मत.)

आणखी एक गोष्ट मी सरांना सांगितली. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं. साधारण निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या ते लक्षात आलं. सर म्हणाले, "पण माझं तर खरंच स्टिकर झालं होतं." बरोबर होतं. त्यांची भीती हवेतली नव्हती, म्हणून 'कुणी बघत नाही' या आश्वासनावर भागणार नव्हतं. कुणी बघितलं तरी निभावता येतं, हे त्यांना अनुभवायला हवं होतं.

मग मी साधनांचा विषयच बाजूला ठेवला. विचारलं, "सर, तुमच्या विषयात पोरं दरवर्षी नेमकी कुठे चुकतात?"

सर खुर्चीत सरसावून बसले. मागणीतला विस्तार-संकोच आणि मागणीतली वृद्धी-ऱ्हास! वस्तूची स्वतःची किंमत बदलली तर आपण त्याच मागणी वक्रावर (किंमत आणि मागणी यांचं नातं दाखवणाऱ्या रेषेवर) वर-खाली सरकतो, बाकी काही बदललं तर अख्खा वक्रच जागा सोडतो. पोरं व्याख्या घडाघडा म्हणतात आणि उदाहरण दिलं की गडबडतात. मी म्हटलं, मग एक उदाहरण द्या. त्यांनी माझ्या वहीवरच लिहिलं: पेट्रोल महाग झालं तर पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांच्या मागणी वक्राचं काय होईल? अ) उजवीकडे सरकेल, ब) डावीकडे सरकेल, क) वक्र तिथेच राहील, आपण त्याच्यावर वर सरकू, ड) काहीच नाही. "निम्मे जण क म्हणतील," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. या मुलखात ते मालक होते.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मॅझुर यांनी 1991 पासून वापरलेली रीत इथे उपयोगी पडते. संकल्पनेवरचा एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि पुन्हा मत द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान असली की ही चर्चा सगळ्यात जास्त रंगते. मत नोंदवायला फोनवरचा एक गूगल फॉर्म पुरतो.

आणि नेट गेलं तर? अ, ब, क, ड लिहिलेली कागदी कार्डं. नॅथॅनिएल लॅसरी यांनी 2008 साली मत नोंदवण्याची यंत्रं आणि कागदी कार्डं यांची तुलना केली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या समजेत लक्षणीय फरक आढळला नाही. शिकवतो तो प्रश्न. यंत्राचा फायदा एवढाच की कुणाचं उत्तर कुणाला दिसत नाही आणि आकडे लगेच समोर येतात. हे ऐकून सरांचे खांदे खाली आले. साधन फसलं तरी तास फसणार नव्हता.

बाकीचं काम पायरी-पायरीने. आधी घरी मुलीच्या फोनवर फॉर्म उघडून पाहिला. मग स्टाफरूममध्ये दोन सहकाऱ्यांना उत्तर द्यायला लावलं. मग वर्ग: चुणचुणीत मुलगा पहिल्या बाकावर, पण लॅपटॉपपाशी सर स्वतः. अडकलंच तर काय बोलायचं ते वाक्य आम्ही आधीच ठरवून ठेवलं: "अडकलंय. दोन मिनिटं बघतो, नाहीतर कार्डं वर करा." पुनःपुन्हा माफी मागायची नाही, हसून सारवासारवही करायची नाही.

अडकलं, अर्थातच. अर्ध्या वर्गाला फॉर्म उघडेना. सरांनी तो कॉलेजच्या खात्यावरून बनवला होता आणि फक्त संस्थेच्या खात्यांनाच उघडेल ही खूण तशीच राहिली होती, पोरं आपापल्या खाजगी खात्यांवर होती. सरांनी ठरलेलं वाक्य म्हटलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, सेटिंग्जमध्ये जा, ती अट काढून टाका." सरांनी ती शोधली, काढली. कुणी हसलं नाही, किंवा हसलं असलं तरी सरांनी बघितलं नाही, कारण तोवर पडद्यावर आलेख उभा राहिला होता आणि क चा स्तंभ सगळ्यात उंच होता. "मॅडम, मला इतका राग आला त्या क चा, की पुढे घाबरायला वेळच मिळाला नाही." शेजाऱ्याशी चर्चा झाली, दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तराचा, म्हणजे ब चा स्तंभ उंच झाला.

त्या मुलीवरून एक सांगायला हवं. तरुण मंडळी जन्मतःच 'डिजिटल' असतात ही कल्पना 2001 पासून बरीच गाजली. 2017 साली पॉल किर्शनर आणि पेड्रो दे ब्रुइकेरे यांनी आधीच्या संशोधनाचा आढावा घेऊन ती खोडून काढली. सेटिंग शोधणं त्या मुलीला जमतं. पेट्रोल आणि गाडी या पूरक, म्हणजे एकत्र वापरल्या जाणाऱ्या वस्तू आहेत, हे तिला सरांकडूनच शिकायचं असतं.

सरांनी खडू सोडलेला नाही, सोडूही नये. लोगन फियोरेला आणि रिचर्ड मेयर यांच्या 2016 च्या प्रयोगांत शिक्षक समजावता समजावता आकृती काढताना दिसला, तर तयार आकृतीपेक्षा जास्त समजल्याचं अनेकदा दिसलं. वक्र फळ्यावरच. अहवालात 'वापरलेली साधने: एक' एवढंच लिहिल्याबद्दल विभागप्रमुखांनी नाक मुरडलं. मी सरांच्या बाजूची आहे.

एक सावधगिरी: धडधड, घाम, घुसमट वर्गाबाहेरही, लिफ्टमध्ये किंवा लग्नकार्यातही होत असेल, तर एवढ्यावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरांचं तसं नव्हतं. रविवारी आता झोप लागते, सत्राचा पहिला आठवडा सोडून.

सध्या आमचं व्हिडिओवर अडलंय. तासभराचं व्याख्यान रेकॉर्ड करावं लागेल या धास्तीने ते टाळत होते. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या सुमारे 69 लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला, त्यात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ सगळ्यात जास्त टिकून पाहिले गेले होते, हे सांगितल्यावर ते तयार झाले. विषय ठरला: मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते. अट एकच, चेहरा दिसणार नाही, फक्त हात, कागद आणि पेन. मी विचारलं, हे शिकवण्यासाठी की स्टिकरसाठी? "स्टिकरसाठी," ते लगेच म्हणाले. मग असं ठरलंय की पहिले दोन व्हिडिओ हाताचे, तिसऱ्यात चेहरा. पहिला पुढच्या आठवड्यात करणार आहेत.